सुरतेचा स्टेंट आणि सरकारी थैली

सुरत हे नाव कानावर पडले की मराठी माणसाच्या मनात प्रथम १६६४ आणि १६७० ही दोन साले जागी होतात. शिवछत्रपतींनी मोगलांच्या त्या धनाढ्य बंदराची संपत्ती दोन वेळा स्वराज्याच्या कामी आणली, ही कथा आपण शाळेच्या बाकावर शिकलो. पुढे तीनशे वर्षांनी मराठी माणूस पुन्हा सुरतेच्या वाटेला लागला. या वेळी तो घोड्यावर स्वार नव्हता. भुसावळ, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली अशी ठाणी घेत उधन्याला पोहोचणाऱ्या गाडीच्या गर्दीच्या डब्यात तो उभा होता, आणि त्याला यंत्रमागावर काम हवे होते. उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांतून आज खानदेशी मराठी सहज ऐकू येते. सुरतेची संपत्तीही आता वखारीत राहिलेली नाही. ती कापडात आहे, हिऱ्यात आहे, आणि गेल्या पाव शतकात ती आणखी एका अनपेक्षित जागी जाऊन बसली आहे. ती जागा म्हणजे माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी होय.

हा अलंकार नव्हे. हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी अरुंद झाली म्हणजे ती फुग्याने रुंद करून पुन्हा मिटू नये म्हणून आत धातूच्या जाळीची एक बारीक नळी बसवितात. तिला स्टेंट म्हणतात. १९७७ साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुन्त्सिग यांनी जिवंत माणसाच्या हृदयवाहिनीत फुगा प्रथम फुगविला. १९८६ साली फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी तेथे जाळी प्रथम ठेवली. ही जाळी कापण्याचे काम लेसर किरणांनी करावे लागते. आता जगातील बहुसंख्य हिऱ्यांना जेथे पैलू पडतात, त्या सुरतेत हिरा कापणारी लेसर यंत्रे बनविणारे कारागीर आणि अभियंते होतेच. हिरा कापणारा किरण पोलादाची केसासारखी नळीही कापू शकतो, हे ज्यांच्या ध्यानी आले त्यांनी नवा धंदा उभा केला. सहजानंद हे नाव प्रथम हिऱ्यांच्या लेसर यंत्रांसाठी आणि पुढे स्टेंटसाठी प्रसिद्ध झाले ते याच वाटेने.

या सुरती जाळीची योग्यता काय, हेही आता कागदावर आहे. मिलिमीटरचे शंभर भाग करावेत आणि त्यांतील सहा घ्यावेत, एवढ्या जाडीच्या तारांचा सुप्राफ्लेक्स हा स्टेंट युरोपातील सात देशांच्या २३ केंद्रांत, १,४३५ रुग्णांवर, एका नामांकित अमेरिकी कंपनीच्या स्टेंटशी ताडून पाहण्यात आला. वर्षअखेर सुरतेचा माल कोठेही उणा ठरला नाही, आणि तो निष्कर्ष २०१९ साली 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 'देशी म्हणजे दुय्यम' असे म्हणण्याची ज्यांची जीभ वळवळते त्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

तथापि, या अभिमानाच्या कथेला एक दुसरी बाजू आहे आणि आजचा आमचा विषय तोच आहे.

देशी झाले, स्वस्त झाले काय?

देशात वस्तू तयार होऊ लागली की ती देशातील गरिबाच्या आवाक्यात येते, असा आपला एक भाबडा समज आहे. स्टेंटच्या बाबतीत तो खोटा ठरला. सुरतेत आणि जवळच्या वापीत स्टेंट बनत असतानाही २०१७ च्या आरंभी औषधलेपित स्टेंटची सरासरी छापील किंमत सव्वा लाखाच्या घरात होती, आणि साध्या धातूच्या स्टेंटची पंचेचाळीस हजारांच्या. कारखान्यातून निघालेली जाळी रुग्णाच्या छातीपर्यंत पोहोचेतो वितरक आणि इस्पितळे यांच्या हातांतून जाई, आणि प्रत्येक हात आपला वाटा कापून घेई. दिल्लीतील वकील बीरेंद्र सांगवान यांनी न्यायालयाचे दार ठोठावले, २०१६ साली स्टेंट आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषधी मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कमाल किंमत बांधून दिली. औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपये, साधा स्टेंट ७,२६० रुपये, कर वेगळा. पुढे घाऊक किंमत निर्देशांकानुसार ही मर्यादा काहीशी वाढत गेली, पण जुन्या किमती परत आल्या नाहीत.

एका रात्रीत किंमत चौथाईवर आली आणि तरीही कारखाने बंद पडले नाहीत, यावरून आधीच्या किमतीत किती हवा होती याचा अंदाज सुज्ञांनी बांधावा. तथापि, हा उपाय वरातीमागून घोड्यासारखा होता. वस्तू बाजारात रुळल्यावर, हितसंबंध घट्ट झाल्यावर, न्यायालयाने कान उपटल्यावर सरकारने दंडुका उगारला. काही परदेशी कंपन्यांनी आपले उंची स्टेंट बाजारातून मागे घेण्याची परवानगी मागितली आणि रुग्ण व डॉक्टर मधल्या मध्ये धास्तावले. किंमत कधी ठरवायची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. यंत्र जन्माला आल्यावर ती हुकमाने ठरवावी, की जन्माआधी, ज्या वेळी सरकारची थैली उघडी असते त्या वेळी, ती कराराने ठरवावी?

थैली उघडी आहे

थैली उघडी आहे, यात शंका नाही. आरोग्याची यंत्रे, निदानाचे संच, लसी आणि औषधे देशातच विकसित व्हावीत, त्यासाठी प्रयोगशाळा, कारखाना आणि इस्पितळ यांनी एकत्र यावे, आणि त्या संयुक्त प्रयत्नाला सरकारने पैसा द्यावा, हे धोरण आता जुने झाले आहे. १९९६ साली विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या छत्राखाली तंत्रज्ञान विकास मंडळ स्थापन झाले. २०१२ साली जैवतंत्रज्ञान विभागाने 'बायरॅक' ही कंपनी काढली. नवी कल्पना घेऊन येणाऱ्यास ती अठरा महिन्यांसाठी पन्नास लाख रुपयांपर्यंतचे अनुदान देते. २०१७ साली २५ कोटी डॉलरांचे राष्ट्रीय बायोफार्मा अभियान मंजूर झाले, त्यातील निम्मा पैसा जागतिक बँकेच्या कर्जाचा. २०२३ साली औषधनिर्माण विभागाने औषधे व वैद्यकीय उपकरणे यांतील संशोधनासाठी पाच वर्षांची, ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांखेरीज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आहेच, आणि राज्य सरकारेही मागे नाहीत. महाराष्ट्राच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून २०१४ साली मुंबईच्या आयआयटीत 'बेटिक' हे केंद्र उभे राहिले, तेथे अभियंते आणि डॉक्टर एका मेजाभोवती बसून यंत्रे घडवितात. त्याच्या शाखा पुण्यास आणि नागपुरासही निघाल्या.

इतक्या थैल्या असताना काम अडते कोठे? ज्यांनी असे अर्ज भरले आहेत ते सांगतील की, नमनालाच घडाभर तेल जाते. एक विभाग कल्पनेला पैसा देतो, दुसरा यंत्राला, तिसरा रुग्णांवरील चाचणीला. आणि हे सारे वेगवेगळ्या मंत्रालयांत बसलेले. हप्ता उशिरा आला म्हणून तरुण संशोधक सोडून जातो, तो गेला म्हणून अहवाल रखडतो, आणि अहवाल रखडला म्हणून पुढचा हप्ता अडतो. हे दोष खरे आहेत, त्यांचे निवारण झालेच पाहिजे. परंतु त्याहून मोठा दोष असा की, थैली सोडताना 'या बदल्यात जनतेला काय मिळणार' हा प्रश्न पुरेशा मोठ्याने विचारला जात नाही. किती पेटंटे घेतली, किती कंपन्या निघाल्या, याची मोजदाद होते. किती रुग्णांना, किती किमतीत, हे सांगणारा रकाना मात्र शोधावा लागतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी अवस्था व्हायला आणखी काय लागते?

तापीच्या काठचे दुसरे दृश्य

हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे पाहायचे तर सुरतेहून त्याच रेल्वेने उलट दिशेला निघावे. खानदेशी मजूर ज्या गाडीने सुरतेस येतो, तीच गाडी तास-दीड तासात व्याऱ्याला पोहोचते. हा तापी जिल्हा. खाली डांग, वलसाड, नवसारी. सीमेपलीकडे आपले नंदुरबार आणि पालघर. गामित, चौधरी, वसावा, धोडिया, भिल्ल अशा आदिवासी समाजांचा हा पट्टा. या पट्ट्यात सिकलसेल नावाचा रक्तदोष पिढ्यान्‌पिढ्या वाहत आला आहे. रक्तातील तांबडी पेशी गोल राहण्याऐवजी कोयत्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते, आणि मूल सांधेदुखीने तळमळते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला पूर्ण रोग होण्याची शक्यता चारात एक असते.

आता सुरतेच्या स्टेंटकडे आणि व्याऱ्याच्या मुलाकडे एकदम पाहा. दोघांमध्ये जेमतेम पासष्ट किलोमीटरांचे अंतर आहे. स्टेंटचे गिऱ्हाईक दिल्ली-मुंबईपासून युरोपापर्यंत पसरले आहे, म्हणून तेथे भांडवल, कारागिरी आणि विज्ञान आपोआप गोळा झाले. सिकलसेलचा रुग्ण डोंगरात राहतो, मजुरीवर जगतो. त्याच्याकडे बाजार वळून पाहत नाही. हा रोग १९१० साली शिकागोत प्रथम वर्णिला गेला, १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी त्याचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले, आणि १९५२ साली भारतात निलगिरीच्या डोंगरांत तो आढळला. म्हणजे विज्ञानाला तो ठाऊक होऊन शतक उलटले, तरी पाड्यावरच्या आरोग्यसेविकेच्या हाती बराच काळ विद्राव्यतेची जुनी चाचणीच होती. ती 'दोष आहे' एवढे सांगते. बाळ नुसते वाहक आहे की रोगी, हे सांगत नाही. त्यासाठी रक्त शहरातील मोठ्या यंत्राकडे पाठवावे लागते, आणि निकाल परत येईतो कुटुंब ऊसतोडीला निघून गेलेले असते.

हे चित्र अलीकडे बदलू लागले आहे, आणि ते कशामुळे, हे लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. तीन वर्षांत सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबावर मिनिटांत निकाल देणारे संच पुढे आले, आणि मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेसारख्या सरकारी प्रयोगशाळेने अशा संचांची पडताळणी केली. सात कोटी चाचण्या सरकार करणार म्हटल्यावर उत्पादकाला गिऱ्हाईक दिसले. जो बाजार नव्हता तो सरकारने निर्माण केला. संशोधनाला अनुदान, खरेखोटे ठरविणारी सरकारी प्रयोगशाळा आणि विकत घेणारे सरकारी आरोग्यखाते, हे तिन्ही पाय असतील तरच तिवई उभी राहते. नुसत्या अनुदानाच्या एका पायावर ती उभी करण्याचा हट्ट आपण वर्षानुवर्षे करीत आलो.

किंमत आधी, यंत्र मागून

यावर कोणी म्हणेल, अटी घातल्या तर उद्योजक येणार नाहीत. या शंकेला आपल्याच देशातील उदाहरणांनी उत्तर दिले आहे.

पहिले उदाहरण थिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेचे. घशाच्या दुखण्यातून होणारा संधिवाती ज्वर गरिबांच्या मुलांच्या हृदयाच्या झडपा निकामी करतो. परदेशी झडप त्यांना परवडणारी नव्हती. डॉ. वलियाथन यांनी एका बाजूस इस्पितळ आणि दुसऱ्या बाजूस राजघराण्याने दिलेल्या वाड्यात जैववैद्यकीय कार्यशाळा, अशी रचना उभी केली. १९८० साली संसदेने कायदा करून संस्थेस राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. झडपेचे पहिले तीन नमुने फसले. कृत्रिम नीलमण्याची चकतीही वापरून पाहिली, तीही टिकली नाही. चौथा नमुना साध्या दिसणाऱ्या पण चिवट प्लास्टिकच्या चकतीचा होता. तो डिसेंबर १९९० मध्ये रुग्णाच्या हृदयात बसला आणि चालला. चेन्नईच्या टीटीके कंपनीने तो बाजारात आणला आणि पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांना तो लाभला. तीन वेळा फसल्यावरही हात आखडता न घेणारा पैसा फक्त सरकारचाच असू शकतो. आणि म्हणूनच त्या झडपेची किंमत गरिबाचा विचार करून ठरविता आली.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी येत. २००१ साली लस बनविण्याचा प्रकल्प निघाला तेव्हा तेथील आरोग्याधिकाऱ्यांनी एकच अट सांगितली: एका मात्रेला पन्नास सेंटपेक्षा अधिक आम्हाला परवडणार नाही. पाश्चात्त्य कंपन्यांना हे गणित जमेना. ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वीकारले. रासायनिक जोडणीचे तंत्र अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेने दिले, देखरेख जागतिक आरोग्य संघटनेने आणि 'पाथ' या संस्थेने केली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरण सुरू झाले आणि त्या विशिष्ट जंतूच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या. या प्रकल्पाचा पैसा गेट्स प्रतिष्ठानाचा होता, सरकारी नव्हता. पण धडा सरकारने घेण्याजोगा आहे. तेथे किंमत आधी ठरली, लस मागून आली.

तिसरे उदाहरण रोटाव्हॅक या अतिसारावरील लसीचे. विषाणूचा नमुना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नवजात बालकांपासून मिळालेला, पैसा जैवतंत्रज्ञान विभागाचा आणि परदेशी दात्यांचा, कारखाना हैदराबादच्या भारत बायोटेकचा, आणि चाचणीतील ६,७९९ बाळे दिल्ली, वेल्लोर व पुण्याजवळील वढू या परिसरांतील. मात्रेला एक डॉलर ही किंमत लसीला परवाना मिळण्यापूर्वीच जाहीर झाली होती. २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात आहे. कंपनी बुडाली नाही, बाळे वाचली.

आता सावधगिरी शिकविणारे उदाहरण. करोनाच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने विषाणू वेगळा केला, तो भारत बायोटेकला दिला आणि दोघांच्या सहकार्यातून कोव्हॅक्सिन निघाली. विक्रीवर पाच टक्के स्वामित्वधन संशोधन परिषदेस मिळावे, असे ठरले आणि ते मिळालेही. परंतु पेटंटच्या अर्जांत परिषदेचे नावच नव्हते. २०२४ च्या जूनमध्ये ही गोष्ट उघडकीस आल्यावर कंपनीने अनवधानाने चूक झाल्याचे सांगितले आणि नाव घालण्याची तयारी दाखविली. हेतूवर संशय घेण्याचे आम्हास कारण नाही. पण देशाच्या सर्वांत गाजलेल्या संयुक्त संशोधनात सहमालकाचे नाव चार वर्षे कागदावर नसते आणि ते सरकारच्या ध्यानी येत नाही, हे शैथिल्य साधे नाही. एका हाताने टाळी वाजत नाही हे खरे. पण टाळी वाजल्यावर दुसरा हात कोणाचा होता याची नोंदही राहिली पाहिजे.

करार हवा तो असा

अमेरिकेने १९८० सालीच कायदा करून सरकारी पैशातून निघालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना आणि लहान उद्योगांना दिली. मात्र जनतेची गरज भागत नसेल तर सरकारला हस्तक्षेपाचा अधिकार राखून ठेवला. तो अधिकार तेथे कधी वापरलाच गेला नाही, ही गोष्ट निराळी. आपल्याकडे २००८ साली याच धर्तीचे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. त्यावर बरीच टीका झाली आणि पुढे ते मागे घेण्यात आले. जुने विधेयक सदोष असेल. पण म्हणून प्रश्नच संपला असे होत नाही.

आमच्या मते आरोग्ययंत्रांच्या संयुक्त विकासासाठी सरकार जेव्हा पैसा देईल तेव्हा करारात चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. पहिली, सरकारी इस्पितळाला देशात विकली जाणारी कमाल किंमत, निदान ती ठरविण्याचे सूत्र. दुसरी, मालकीत सार्वजनिक संस्थेचा वाटा, आणि कंपनीने उत्पादन थांबविल्यास किंवा ती दुसऱ्याने विकत घेतल्यास ते तंत्र अन्य उत्पादकास देण्याचा सरकारचा हक्क. तिसरी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय पहिल्या दिवसापासून भागीदार. सुरतेच्या यंत्राची चाचणी युरोपात व्हावी हे भूषणच आहे. पण सुरतेच्या नव्या सिव्हिल इस्पितळातील डॉक्टर आणि परिचारिका यांनी आरेखनापासून त्या मेजावर बसावे, हेही तितकेच हवे. चौथी, यंत्र कसोटीस उतरल्यास ठरावीक संख्येने ते विकत घेण्याची सरकारची हमी. पहिल्या तीन अटी उद्योजकावर आहेत, चौथी सरकारवर. केवळ घेणाऱ्यालाच बांधणारा करार न्याय्य नव्हे. दहा प्रयत्नांत नऊ फसतात, हा धोका उद्योजक पत्करतो. त्याला गिऱ्हाईक निश्चित मिळणार असेल तर तो किंमत कमी ठेवू शकतो. आणि हे करार गोपनीयतेच्या कपाटात न ठेवता प्रसिद्ध करावेत. पैसा ज्याचा, त्याला हिशेब वाचण्याचा अधिकार आहे.

याखेरीज थैलीचा एक निश्चित वाटा ज्या रोगांकडे बाजार वळत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवला पाहिजे. स्टेंटला बाजार आहे. तेथे सरकारने दर्जा आणि किंमत यांवर नजर ठेवली तरी पुरे. सिकलसेलला तो नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने सिकलसेलवरील 'बिरसा-१०१' या जनुकीय उपचाराची घोषणा केली, आणि ते तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविले. अमेरिकेत २०२३ साली मान्य झालेल्या अशा उपचाराची किंमत रुग्णामागे बावीस लाख डॉलर आहे. आपला उपचार अद्याप कसोट्यांच्या वाटेवर आहे. म्हणजे किंमत बोलण्याची वेळ आताच आहे. ज्या बिरसा मुंडांचे नाव त्याला दिले, त्यांच्या लोकांना तो मिळेल की नाही, हे प्रयोगशाळेत ठरणार नाही. ते करारात ठरेल.

आपल्या दारातला प्रश्न

सुरत दूर आहे, आपल्या किनाऱ्याला याचे काय, असे कोणी मनात आणू नये. सिंधुदुर्गातील माणसाच्या छातीत कळ आली की आजही तो अनेकदा पत्रादेवीची सीमा ओलांडून बांबोळीच्या इस्पितळाकडे धावतो. त्याच्या वाहिनीत बसणाऱ्या जाळीची किंमत २०१७ च्या त्या आदेशाने ठरते. दुसरे उदाहरण याहून बोचरे आहे. सत्तरी आणि दोडामार्गच्या रानात काजूच्या हंगामात माकडताप माणसे नेतो. हा विषाणू १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. त्यावरची जुनी लस पुरेशी गुणकारी नसल्याने २०२२ मध्ये थांबविण्यात आली. नवी लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीच्या सहकार्याने विकसित करण्याचे काम संशोधन परिषदेने हाती घेतले आहे. काजूच्या बोंडांमागे रानात वाकलेल्या बाईसाठी जगातली कोणती कंपनी आपणहून लस बनवील? येथे सरकारची थैली नसेल तर काहीच नाही. आणि थैली असूनही करारात खरेदीची हमी नसेल, तर तयार झालेली लस कुपीत राहील आणि बाई रानात.

सरकारी अनुदान हा कोणाच्या खिशातला दानधर्म नव्हे. उधन्याच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा खानदेशी मजूर काडेपेटी घेतो तेव्हाही कर भरतो. त्या कराचा एक पैसा सुरतेच्या किंवा पुण्याच्या प्रयोगशाळेत जातो, म्हणजे तो त्या यंत्राचा भागीदार झाला. भागीदाराला नफ्यात वाटा मिळतो, हा व्यापाराचा साधा नियम सुरतेच्या पेढीवरील पोराटोरांनाही ठाऊक आहे. मजुराचा वाटा रोखीत नको. त्याच्या मुलाच्या आजाराचे निदान त्याच्या पाड्यावर व्हावे, आणि त्याच्या छातीत कळ आली तर उपचारासाठी गावाकडची जमीन विकावी लागू नये, एवढाच तो वाटा. नव्या योजनांच्या हजारो कोटींच्या थैल्या सुटत असताना दिल्लीने आणि राज्य सरकारांनी हा वाटा करारात लिहून घ्यावा. शाई वाळल्यावर मग न्यायालयाचे दार ठोठावण्याची पाळी पुन्हा एखाद्या वकिलावर येऊ नये.